एकट्या हार्प्सिकॉर्डची मैफल

बाखच्या काळात तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे एकट्या हार्प्सिकॉर्डने तास-दीड तास वाजत राहावं, अशी प्रथाच नव्हती. १७४१ च्या सुमारास न्यूरेंबर्गला छापलेल्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ त्याने रसिकांच्या विरंगुळ्यासाठी म्हणून काढल्या. घरी बसून वाजवायचं संगीत ते. ही मैफल घडवली विसाव्या शतकाने, आणि माझ्या मते त्याचं सर्वाधिक श्रेय एका बाईचं आहे.

एकोणिसाव्या शतकात पियानोने हार्प्सिकॉर्डला पार अडगळीत ढकललं होतं. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात नवे हार्प्सिकॉर्ड मांडले गेले, पण लोकांनी ते नवलाई म्हणूनच पाहिले. वॉर्सात जन्मलेली वांडा लांडोव्स्का मुळात पियानोवादक. १९०३ मध्ये पॅरिसच्या मैफलीत ती हार्प्सिकॉर्डला बसली आणि मग तिने त्याची साथ सोडली नाही. प्लेयेल कंपनीने १९१२ मध्ये तिच्या मनासारखा भला मोठा हार्प्सिकॉर्ड बांधला. नाद बदलायला पायपट्ट्या, शिवाय एक सप्तक खाली वाजणाऱ्या तारांचा जादा संच. मे १९३३ मध्ये पॅरिसजवळच्या सॅं-ल्यू गावी, स्वतः उभारलेल्या सभागृहात, तिने ‘गोल्डबर्ग’ सलग सादर केलं. त्याच वर्षी त्याचं ध्वनिमुद्रणही झालं.

मार्च १९४० मध्ये पॅरिसला ती स्कार्लात्तीच्या सोनाटा ध्वनिमुद्रित करत होती. एका सोनाटात विमानविरोधी तोफांचे धमाके स्पष्ट ऐकू येतात आणि तिचा हात जराही चळत नाही. ते ऐकताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. ती ज्यू होती. काही महिन्यांतच तिला घर सोडून पळावं लागलं. वाद्यं आणि ग्रंथसंग्रह नाझींनी लुटून नेला. ती न्यूयॉर्कच्या बंदरात पोचली ७ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरच्या दिवशी. पुढच्या फेब्रुवारीत टाउन हॉलमध्ये तिने पुन्हा ‘गोल्डबर्ग’च वाजवलं.

तिच्या वाद्याचा बांधा मात्र पियानोचा होता. बोस्टनला हबर्ड आणि डाउड, ब्रेमेनला स्कोव्रोनेक या कारागिरांनी अठराव्या शतकातली वाद्यं बारकाईने अभ्यासली आणि पातळ लाकडाची, हलकी वाद्यं घडवली. हार्प्सिकॉर्डवादक गुस्ताव्ह लेओनहार्टने १९६५ मध्ये ‘गोल्डबर्ग’ ध्वनिमुद्रित केलं ते स्कोव्रोनेकच्या हार्प्सिकॉर्डवर. हार्प्सिकॉर्डची पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज जवळपास तेवढाच. सतारीची तार मिजराबीने छेडावी तशी आत तार छेडली जाते, पण तो आघात वादकाच्या ताब्यात नसतो. मग महत्त्वाचा स्वर उठवायचा कसा? लेओनहार्ट आधीचा स्वर किंचित लवकर सोडतो, पुढचा कणभर उशिरा घेतो, आणि त्या फटीमुळे कानाला तो स्वर जोरकस वाटतो. काहींना हे वादन कोरडं वाटतं. मला त्यात बाखची वाक्यं विरामचिन्हांसकट ऐकू येतात. पण ती ऐकायला श्रोते जमले, ते लांडोव्स्कामुळे.

पुढे स्कॉट रॉसने १९८४-८५ मध्ये स्कार्लात्तीच्या साऱ्या ५५५ सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या. मोठ्या महोत्सवांची दारं मात्र सावकाश उघडली. लंडनचे प्रॉम्स १८९५ पासून भरतात. तिथे पहिलंवहिलं हार्प्सिकॉर्ड एकलवादन व्हायला २०११ साल उजाडलं. वादक होता तेहरानमध्ये जन्मलेला महान एस्फहानी.