मे महिन्यात नागपूरला या!

नागपूरला बदली झाल्याची बातमी पुण्या-मुंबईकडच्या नात्यागोत्यात पसरली, की दोन प्रश्न हमखास येतात : "ऊन फार असेल ना तिकडं?" आणि "ताडोबा किती लांब?" पहिला प्रश्न सहानुभूतीचा, दुसरा पुढच्या सुट्टीच्या आखणीचा. मुलांच्या शाळांना सुट्टी मे महिन्यातच असते, त्यामुळे पाहुणेही मे महिन्यातच येतात. नव्या गावात अजून गॅसवाला, दूधवाला लावायचा असतो आणि घरात मावशी, मेहुणे, भाचरं असा गोतावळा उतरतो. मग यजमानाला आपला नवा मुलूख घाईघाईने शिकावा लागतो. आम्ही विदर्भ असाच शिकलो, पाहुण्यांच्या निमित्ताने.

प्रवासाची पुस्तकं सांगतात, विदर्भ पाहावा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. हवेच्या दृष्टीने ते खरंच आहे. पण हा मुलूख नीट समजून घ्यायचा असेल, तर मे महिन्यासारखा महिना नाही. झाडांची पानं गळालेली असतात, नद्या वाळूवर आलेल्या असतात, तलावांचे तळ उघडे पडलेले असतात. माणसाने, जनावराने आणि झाडाने पाण्याची काय तजवीज केली आहे ते या दिवसांत उघड दिसतं, आणि विदर्भाची सगळी गोष्ट त्या तजविजीचीच आहे.

दिवसाचे दोन तुकडे

नागपुरात मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असतं. २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा सुरू होतो. ते नऊ दिवस सगळ्यांत कडक मानतात. चौकाचौकांत सिग्नलपाशी डोक्यावर हिरव्या जाळ्या ताणलेल्या दिसतात, दुचाकीवरच्या बायामुली डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्यात गुंडाळतात, आणि खिशात कांदा ठेवून बाहेर पडणारे आजोबा अजूनही भेटतात. डोंबिवलीचे मेहुणे भर दुपारी सीताबर्डीला निघाले, तेव्हा ऑटोवाल्याने त्यांना ऐकवलं, "बारा ते पाच ढोरंबी सावलीत बसते भाऊ, तुमी कायले हिंडून राहिले?"

त्याचं म्हणणं हेच इथल्या उन्हाळ्याचं वेळापत्रक. दिवसाचे दोन तुकडे करायचे. पहाटे पाच ते नऊ हा पहिला. त्यात फुटाळा किंवा अंबाझरीचा काठ, आणि परतताना तर्री पोहे. वर हरभऱ्याचा लालभडक रस्सा, तोही सकाळी सात वाजता, हे पुणेरी पोटाला पचनी पडायला एखादा दिवस लागतो. दुसरा तुकडा संध्याकाळी सहानंतरचा. त्यात दीक्षाभूमीचा स्तूप. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्म स्वीकारला. मधला वेळ छपराखाली. मुलं घरात अगदीच कंटाळली, तर १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा 'अजब बंगला', दुपारी उपयोगी पडतो.

आणि घरात कूलर. मुंबईच्या पाहुण्यांना हा पत्र्याचा डबा आधी विनोदी वाटतो, कारण त्यांच्याकडच्या दमट हवेत तो कुचकामी ठरतो. इथे दुपारी हवेतली आर्द्रता पुष्कळदा २० टक्क्यांच्याही खाली जाते. अशी कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून आत ओढली, की पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते आणि खोली गार होते. ताट्या वाळ्याच्या असल्या तर वासही मिळतो. याच कोरडेपणाचा एक धोका पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सांगावा लागतो. घाम येतो तसा उडून जातो, अंग भिजत नाही, म्हणून तहान लागल्याचं कळत नाही. तहान लागो न लागो, पाणी, ताक, पन्हं चालूच ठेवायचं.

पाणवठ्यावरचा वाघ

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. शेजारचं अंधारी अभयारण्य जोडून १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. चंद्रपूरकडून जाणाऱ्यांना मोहर्ली दरवाजा सोयीचा, नागपूरहून उमरेड-चिमूर रस्त्याने कोलारा. सफारीचं आरक्षण आधी ऑनलाइन करावं लागतं, मंगळवारी जंगल बंद असतं आणि गाभा क्षेत्रात मोबाईल चालत नाही. ही शेवटची अट भाचरांना वाघापेक्षा भयंकर वाटते.

वाघ पाहायला उन्हाळा उत्तम, हे सगळे ऐकून असतात. कारण मात्र तिथे गेल्यावर कळतं. हे सागाचं आणि बांबूचं पानझडी जंगल आहे. फेब्रुवारी-मार्चपासून सागाची पानं गळतात आणि पावसाळ्यात दहा हातांपलीकडे न दिसणारं रान आता लांबवर दिसू लागतं. कुलूच्या झाडाचं पांढुरकं खोड तर निष्पर्ण रानात दुरूनही उठून दिसतं. ओढे आटल्यामुळे जनावरांना ठरावीक तळ्यांवर आणि वनखात्याने सौरपंपांवर भरत ठेवलेल्या पाणवठ्यांवर यावंच लागतं. जिप्सीवाले म्हणून वाघाच्या मागे न धावता पाण्यापाशी थांबतात.

तिथे वाघीण आली तर एक गोष्ट बघून ठेवावी. पाण्यात बसायचं असलं की ती पुष्कळदा पाठ फिरवते आणि मागचे पाय आधी घालून हळूहळू खाली बसते. डोळ्यांत पाणी उडलेलं वाघाला आवडत नाही, असं जाणकार सांगतात. तोंड काठाकडे असल्याने कोण येतं-जातं त्यावर नजरही राहते. जिप्सीत बसलेल्या मावशींनी हे पाहून एवढंच म्हटलं, "पोहायला शिकणाऱ्या माझ्या सुनेसारखी उतरली की!"

पण जंगलाला लागून असलेल्या गावांत हाच मोसम वेगळा असतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची असतात, मग तेंदूपत्ता तोडायचा असतो. ७० पानांचा एक पुडा बांधून तो फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, द्यायचा. वर्षाच्या रोख कमाईतला मोठा भाग या थोड्या आठवड्यांत हाती येतो. मोहफुलांवर अस्वलही येतं, आणि वाकून पानं तोडणाऱ्या माणसावर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आपण ज्याच्यासाठी पैसे मोजून जातो, तो समोर येऊ नये म्हणून ही माणसं टोळीने, मोठ्याने बोलत रानात शिरतात. पाहुण्यांना वाघाबरोबर हेही सांगायला हवं.

धानाच्या देशातले तलाव

कापसाचा, तुरीचा विदर्भ सगळ्यांना ठाऊक असतो. पण वैनगंगा ओलांडून भंडारा-गोंदियाकडे गेलं की धानाच्या बांध्या लागतात आणि जागोजाग तलाव दिसतात. हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. जो तलाव बांधेल त्याला गावाचा मान, असं राजांचं धोरण होतं. उताराचा नेमका अंदाज घेऊन मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि धानाला पाऊस कमी पडला तर सोडायचं. पुढे मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारीची पद्धत, गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढायचा कोणी हा प्रश्न उभा राहिला. मे महिन्यात या तलावांची पाळ पायथ्यापर्यंत दिसते. कुठे गाळ उपसून शेतात नेणं चाललेलं असतं, कुठे उरलेल्या डबक्यात ढिवर समाजातली माणसं मासे धरत असतात.

यांतला सर्वांत नावाजलेला नवेगावबांध. कोलू पाटील कोहळी याने तो बांधला, असं परंपरा सांगते. इथलं राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचं, आणि आता नवेगाव-नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प आहे. मराठी वाचकाला हे नाव मारुती चितमपल्लींमुळे परिचयाचं. त्यांचा जन्म सोलापूरचा. वनाधिकारी म्हणून ते विदर्भात आले आणि इथल्या माणसांकडून झाडं, पाखरं आणि त्यांची नावं शिकत गेले. नव्या मुलखात राहायला आलेल्या माणसाने काय करावं, याचा त्यांच्याहून चांगला नमुना सापडणार नाही. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचं पुस्तक पाहुण्यांच्या खोलीत ठेवून द्यावं. दुपारचे कूलरसमोरचे तास त्यात सुखाने जातात.

रामटेकचा डोंगर

ज्येष्ठांना घेऊन अर्ध्या दिवसात करायची सहल म्हणजे रामटेक, नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटर. डोंगरावर रामाचं मंदिर, पायथ्याशी अंबाळा तलाव, जवळच खिंडसीचा जलाशय. उजाडताना वर पोचावं. नऊनंतर मंदिराच्या फरशा अशा तापतात की अनवाणी प्रदक्षिणा पळतच घालावी लागते.

कालिदासाच्या 'मेघदूता'तला यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो हाच डोंगर, असं मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. शेजारचं नगरधन म्हणजे वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात सून म्हणून आली आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुलांच्या वतीने तिने राज्यही केलं. परमुलखात येऊन इथली होऊन गेलेली ही पाचव्या शतकाच्या आसपासची बाई. मनसरच्या टेकडीवरच्या उत्खननात त्याच काळातल्या विटांचं भव्य बांधकाम उघडं पडलं आहे, तेही याच वाटेवर.

'मेघदूत' आम्ही शाळेत शिकलो ते विरहकाव्य म्हणून. रामटेकला मे काढल्यावर त्याचा दुसरा अर्थ लागतो. इथे पाऊस जूनच्या मध्यावर येतो, आणि त्याआधीचे आठवडे सगळा मुलूख आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. आषाढातला ढग दिसताच त्याला आदराने हाक मारून घरी पोचवायचा निरोप सांगावा, हे विदर्भातल्या माणसाला मुळीच अतिशयोक्तीचं वाटत नाही.

कवेलूंच्या छपराखाली

सेवाग्रामला बहुतेक लोक हिवाळ्यात शाळेच्या सहलीतून जातात. उन्हाळ्यात जावं, कारण गांधीजी तिथे पहिल्यांदा मुक्कामाला आले ते ३० एप्रिल १९३६ रोजी, ऐन उन्हाळ्यात, वयाची ६६ वर्षं झाल्यावर. गावाचं नाव तेव्हा शेगाव. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० साली ते सेवाग्राम झालं.

बापू कुटी बाहेरच्या ४४ अंशांतून आत शिरून पाहावी. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू म्हणजे कौलं, सभोवार पडवी आणि छपराच्या वळचणी इतक्या खाली की भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. झोपडी जवळपास मिळणाऱ्या सामानातूनच उभी राहावी, अशी गांधीजींची अट होती. आत आलेल्या आमच्या इंजिनियर मेहुण्यांनी भिंतीला हात लावला, वर बघितलं आणि आपल्या नव्या फ्लॅटच्या काचेच्या दर्शनी भागाविषयी प्रथमच मौन पाळलं. परतीच्या वाटेवर पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम आहे. आश्रमाच्या जागेत खोदताना सापडलेली वाकाटककालीन शिल्पं तिथेच ठेवली आहेत.

ऊन अगदीच सोसेना, तर अमरावती-परतवाड्यावरून चिखलदरा. सुमारे ११०० मीटर उंचीमुळे तिथे रात्री पांघरूण लागतं. रबडी खावी, कॉफीची झाडं पाहावीत आणि सकाळी गाविलगड चढावा. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने तो भोसल्यांकडून घेतला.

ताणावरची बाग

प्रत्येक पाहुणा संत्री मागतो, आणि मे महिन्यात संत्री नसतात. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण काटोल-वरुडकडे मे महिन्यात बाग पाहण्यासारखी असते. मृग बहार धरायचा तर शेतकरी मुद्दाम पाणी तोडतो. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड वाळलंच असं आपल्याला वाटतं. मग जूनचा पाऊस पडतो आणि तेच झाड फुलांनी भरून जातं. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाड जातं. नेमकं किती ताणायचं, हे बागवान पानं बघून ओळखतो. डिसेंबरात येणाऱ्याला फळ दिसतं, ही कारागिरी दिसत नाही.

तेव्हा मे महिन्यात संत्र्यांऐवजी संत्राबर्फी न्यावी आणि इथे राहून आमरस ओरपावा, तोही सरगुंड्यांबरोबर. गव्हाच्या कणकेचे हे हाताने वळलेले पोकळ तुकडे रसात बुडवून खातात. रात्री वडाभात किंवा गोळाभात, वरून चरचरीत फोडणी. सावजीचा झणझणीत रस्सा पहिल्या दिवशी नको. पाहुणा रुळला की तिसऱ्या दिवशी.

निघण्यापूर्वी

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे मेची तिकिटं मार्चमध्येच काढायला हवीत. मोटारीने येणाऱ्यांना ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे. पण त्या सरळसोट रस्त्यावर डुलकी लागते, म्हणून मेहकरजवळ उतरून लोणारचं विवर पाहूनच पुढे यावं. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्याला दुपट्टा. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. तुमची मुलं परत गेली तरी आमची घरीच असतात, तेव्हा यजमानांची अडचण मनात धरू नका.

हिवाळ्याच्या तोंडावर आंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली असतात आणि नागपूरची हवा झकास असते. त्या मोहाने डिसेंबरात आलात तर स्वागतच आहे, संत्री पेटीने देऊ. मात्र आमचा मुलूख बघायचा असेल, तर मे महिन्यात पुन्हा यावं लागेल.