राष्ट्रपतीला मत नक्की कोण देतं?

मागच्या व्याख्यानात आपण राष्ट्रपतीचे अधिकार पाहिले. आज त्यांची निवड कशी होते ते पाहू. आपण तुम्ही-आम्ही यात थेट मत देत नाही. घटनासमितीत यावर चर्चा झाली होती. खरी सत्ता लोकसभेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाकडे राहणार. मग राष्ट्रपतीला साऱ्या देशाकडून थेट निवडून आणलं, तर सत्तेचं दुसरं केंद्र उभं राहील, ही त्यामागची शंका.

म्हणून कलम ५४ नुसार मतदार कोण? संसदेच्या दोन्ही सभागृहांतले निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार. नामनियुक्त सदस्यांना मत नाही. विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही.

आता गंमत बघा. इथे एका माणसाचं मत म्हणजे एक मत नव्हे. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या जागांनी भागायचं, मग १००० ने. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ आणि आमदार २८८. म्हणून एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. उत्तर प्रदेशात ते २०८, गोव्यात २०, सिक्कीममध्ये ७. सगळ्या आमदारांच्या मतमूल्याची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागलं की खासदाराचं मूल्य निघतं. २०२२ मध्ये ते ७०० होतं. म्हणजे राज्यं एका पारड्यात, संसद दुसऱ्या पारड्यात, आणि तराजू जवळजवळ समतोल.

कुणी विचारेल, १९७१ च कशाला? ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट राबवलं त्यांचं वजन घटू नये म्हणून हा आकडा गोठवलाय. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत तो तसाच राहणार. पण तेव्हापासून जन्मलेली माणसं या हिशेबात धरलेलीच नाहीत, हेही खरं. पुढचा वाद इथेच होणार आहे.

मतपत्रिकेवर शिक्का नसतो. १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. जिंकायला वैध मतमूल्याच्या निम्म्याहून जास्त हवं. ते कुणालाच मिळालं नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात.

१९६९ साली हेच घडलं. लागत होती ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, १,१२,७६९. बाद झालेल्यांची मतं वाटली गेली तेव्हा त्यातली बहुतेक रेड्डींकडे वळली. सुमारे ८८ हजारांचं अंतर १४,६५० वर आलं. गिरी ४,२०,०७७ वर जेमतेम निवडून आले.

या मतदानाला पक्षाचा व्हिप लागू नसतो आणि ते गुप्त असतं. २००७ मध्ये रालोआत असूनही शिवसेनेने प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला.

तेव्हा आमदार निवडताना आपण राष्ट्रपतीच्या निवडीतला आपला वाटाही त्याच्या हाती देतो. प्रचारात हे कुणी सांगत नाही. आपणच लक्षात ठेवायचं.