परवान्यावाचून बोला, पण कोणत्या लहरीवर?

वर्ध्याहून सेवाग्रामला सायकल सहल निघाली की एक गंमत हमखास होते. पुढची टोळी आश्रमापाशी पोहोचते, तेव्हा मागची टोळी कुणाची तरी उतरलेली चेन बसवत असते. अशा वेळी दोन्ही टोळ्यांजवळ एकेक वॉकीटॉकी असला तर? त्याला मोबाइलचा मनोरा लागत नाही. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे.

पण त्याला परवाना लागतो का? १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी संच नुसता बाळगणेही गुन्हा ठरवले होते. पुढे २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त केला. अट अशी की, संचाच्या नमुन्याला दूरसंचार विभागाची मान्यता हवी.

फसगत येथेच होते. दिसायला तसेच, पण कोणत्याही वारंवारतेवर लावता येणारे संच सर्रास विकले जातात. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसाही पाठवल्या. ‘आम्ही नुसते खेळत होतो’ असे म्हणून येथे भागत नाही. हे संच एफ.एम. पद्धतीचे असतात आणि एफ.एम. ग्राहकात प्रबळ लहर क्षीण लहरीला पार दाबून टाकते. तुम्ही चुकून रुग्णवाहिकेच्या वारंवारतेवर बोललात, तर जवळच्या ग्राहकात तुमच्या गप्पा ऐकू येतील आणि दूरच्या रुग्णवाहिकेची हाक नाहीशी होईल! म्हणून विकत घेण्यापूर्वी वारंवारता आणि मान्यता दोन्ही पाहा. नुसता आकडा ४४६ वर लावून संच कायदेशीर होत नाही.

आता पल्ल्याकडे वळू. खोक्यावर छापलेल्या किलोमीटरांवर विसंबू नका, गणित करा. ३०० ला ४४६ ने भागले की लहरीची लांबी मिळते ०.६७ मीटर. एवढी आखूड लहर पृथ्वीच्या बाकाला फारशी वळसा घालत नाही. जवळजवळ नजरेसारखी सरळ जाते. क्षितिजाचे अंतर म्हणजे २ × पृथ्वीची त्रिज्या × उंची यांचे वर्गमूळ. त्रिज्या ६४ लाख मीटर आणि संच तोंडाशी, म्हणजे १.५ मीटरवर धरा. उत्तर येते सुमारे ४.४ किलोमीटर. दोघांचे मिळून पावणेनऊ, तेही मधे काहीच नसेल तर. आपल्याकडे कार्तिकात डोक्याएवढी तूर उभी असते. तिची ओली पाने लहरींची ऊर्जा शोषून घेतात.

मग शक्ती वाढवावी का? मोकळ्या अवकाशातही अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते, जमिनीलगत त्याहून जास्त. त्यापेक्षा टेकडी चढा. समजा, गिरडच्या बाजूला भोवतालापेक्षा ६० मीटर उंच जागा सापडली. एकट्या तिचे क्षितिज जवळजवळ २८ किलोमीटर होते! (अर्थात वाटेत दुसरी टेकडी नसावी.)

मान्यताप्राप्त संच मिळाला, तर शिक्षकांबरोबर हा प्रयोग करा. सायकलच्या चाकाचा परिघ मोजा. एकाने जागेवर थांबावे, दुसऱ्याने सायकल हाती धरून सरळ रस्त्याने चालत जावे. दर शंभर फेऱ्यांना थांबून हाक द्या आणि आवाजाला दहापैकी गुण लिहा. वाहिनी सर्वांची आहे, तेव्हा आधी ऐका, मग थोडक्यात बोला. आणि ते कुणीही ऐकू शकतो हे ध्यानात असू द्या. हाच प्रयोग एकदा कार्तिकात आणि एकदा तूर निघाल्यावर चैत्रात करून दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा.