एकच नाणं दोनदा खर्च! क्रिप्टोमधला '५१ टक्के हल्ला' म्हणजे काय?

मोबाईलवर क्रिप्टो घेणारी मुलं आता आपल्याही घरांत आहेत. 'ब्लॉकचेन हॅक होऊच शकत नाही', असं ती ठामपणे सांगतात. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी पैसे गुंतवण्याआधी समजून घेतलेली बरी.

शंभराची नोट दुकानदाराला दिली की ती आपल्या खिशातून जाते. पण डिजिटल नाणं म्हणजे फक्त एक नोंद. तीच नोंद दोघांना दाखवली तर? बँकेत हिशोबाची वही बँकेकडे असते, म्हणून हे जमत नाही. बिटकॉइनमध्ये बँकच नाही. वहीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात आणि तिचं नवं पान, म्हणजे ब्लॉक, मायनर लिहितात.

मायनर इमानदारी का पाळतो? कारण त्यातच त्याचा फायदा आहे. साधारण दर १० मिनिटांनी एक पान भरतं. ते लिहिण्यासाठी प्रचंड वीज जाळावी लागते. बदल्यात २००९ मध्ये ५० बिटकॉइन मिळत होते. हे बक्षीस सुमारे दर चार वर्षांनी निम्मं होतं आणि एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे. शिवाय व्यवहारांची फी मिळते. खोटी नोंद केली तर बाकीचे ते पान नाकारतात आणि विजेचा खर्च बुडतो.

मग फसवणूक कुठे होते? नियम असा आहे की ज्या साखळीवर जास्त मेहनत झाली, ती खरी. एखाद्याकडे निम्म्याहून जास्त ताकद आली, तर तो एक्सचेंजमध्ये नाणी जमा करतो, विकतो आणि पैसे काढून घेतो. त्याच वेळी गुपचूप दुसरी साखळी लिहितो. तिच्यात ती नाणी त्याच्याच दुसऱ्या खात्यात गेलेली असतात. ही साखळी लांब झाली की तो ती जाहीर करतो. जुनी नोंद पुसली जाते. पैसेही त्याचे, नाणीही त्याचीच!

हे प्रत्यक्षात घडलं आहे. मे २०१८ मध्ये 'बिटकॉइन गोल्ड'वर असा हल्ला झाला आणि सुमारे १.८ कोटी डॉलरचा फटका बसला. जानेवारी २०१९ मध्ये 'इथेरियम क्लासिक'ची पाळी आली. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच नाण्यावर एका महिन्यात तीन हल्ले झाले.

लहान नाणीच का सापडतात? कारण त्यांच्यावर मात करण्याइतकी संगणकीय ताकद तासाच्या भाड्याने मिळू शकते. भाडेकरूला घर पडल्याचं दुःख नसतं. बिटकॉइनच्या मायनरने मात्र महागडी यंत्रं विकत घेतलेली असतात. लोकांचा भरवसा उडाला, तर ती भंगारात जातील.

एक दिलासाही आहे. असा हल्लेखोर तुमच्या वॉलेटमधली नाणी थेट काढू शकत नाही, त्यासाठी तुमची गुप्त चावी लागते. नुकसान होतं ते पैसे 'आले' समजून माल देणाऱ्याचं. म्हणून क्रिप्टोत पैसे घेणाऱ्याने थांबावं. बिटकॉइनमध्ये सहा ब्लॉक, म्हणजे साधारण तासभर, वाट पाहण्याची पद्धत आहे. लहान नाण्यांत त्याहून बरंच जास्त थांबावं लागतं.

हलाल-हरामबाबत उलेमांमध्ये एकमत नाही. मलेशियाच्या शरिया सल्लागार मंडळाने २०२० मध्ये नोंदणीकृत एक्सचेंजवरच्या व्यवहाराला परवानगी दिली. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने २०२१ मध्ये चलन म्हणून वापर हराम ठरवला. मसला आपल्या आलिमांना जरूर विचारा. पण त्याआधी मुलाला एवढं विचारा: तू घेतलेल्या नाण्याची वही कोण लिहितंय, आणि इमानदारीत त्याचा फायदा किती?