जीभ घडते कशी?

बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२४ पासून पहिल्या वर्षाचे विद्यार्थी शरीररचनेसोबत भ्रूणविज्ञानही शिकतात; जिभेची जडणघडण हा त्यातील एक मूलभूत पाठ आहे. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात भावी घशाच्या दोन्ही बाजूंना ग्रसनी चाप, म्हणजे कमानीसारखे उंचवटे, उमटतात आणि प्रत्येक चापाला स्वतःची मस्तिष्क तंत्रिका, म्हणजे मेंदूतून थेट निघणारी नस, लाभते. पहिल्या चापापासून जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग, तर मुख्यतः तिसऱ्यापासून मागचा एक तृतीयांश भाग तयार होतो. दोहोंच्या सीमेवरील खळगा हे थायरॉइड ग्रंथीचे उगमस्थान असते. जिभेचे बहुतेक स्नायू मात्र डोक्याच्या मागील बाजूच्या कायखंडांतून, म्हणजे भ्रूणाच्या पाठीकडील ऊतींच्या ठोकळ्यांतून, येतात आणि येताना बारावी तंत्रिका सोबत आणतात. म्हणूनच वऱ्हाडी ठेच्याचा झोंबरेपणा जिभेच्या पुढच्या भागातून पाचवी तंत्रिका मेंदूकडे नेते, त्यातील मिठाची चव मूळच्या दुसऱ्या चापाची सातवी तंत्रिका नेते, तर मागच्या भागाची चव व स्पर्श ही दोन्ही कामे नववी तंत्रिका सांभाळते.