लग्न नागावला, पाहुणे टेक्सासहून: कसं यायचं, आणि कोणी येऊ नये

लोकलच्या गोंगाटात ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना राहून गेलेलं थोडं यात जास्तीचं आहे.

डेस्टिनेशन वेडिंग म्हटलं की आपल्याला बाली आणि थायलंड आठवतं. पण टेक्सासमधल्या माझ्या चुलत भावासाठी आणि लंडनच्या मामेबहिणीसाठी अलिबागजवळचं नागाव हेच आता परदेशातलं लग्न. काकांच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. घरात कम्प्युटरवाला मीच, त्यामुळे पाहुण्यांची सगळी ये-जा माझ्या गळ्यात पडली. ग्रुपवर रोज तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच देतो.

सगळ्यात अवघड प्रश्न आधी. अमेरिकेत एच-१बीवर असलेल्यांनी यावं का?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. अमेरिकेत राहून काम करायची मंजुरी वेगळी आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का वेगळा. तिकडेच असाल तर शिक्क्याची मुदत संपली तरी नोकरी चालू राहते. पण लग्नासाठी इकडे आलात, की परत जाताना चालू तारखेचा शिक्का लागतो, आणि त्यासाठी वकिलातीत मुलाखत. १५ डिसेंबर २०२५ पासून अमेरिकेने एच-१बी आणि एच-४ वाल्यांची सोशल मीडिया खाती तपासायला सुरुवात केली. त्याच सुमारास भारतातल्या कितीतरी जणांच्या मुलाखती कित्येक महिने पुढे गेल्या. दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर आलेली माणसं इथेच अडकली, घर आणि नोकरी तिकडे.

आमच्या दादाचा शिक्का संपलेला आहे. तो नवरीचा सख्खा भाऊ. मी त्याला फोनवर स्पष्ट सांगितलं, दादा, आधी तिकडच्या इमिग्रेशन वकिलाशी बोल. मुलाखतीची पक्की तारीख नसेल तर येऊ नकोस. तारीख असली तरी ती बदलू शकते, म्हणून कंपनीकडून लेखी घे, की अडकलास तर भारतातून काम करू देतील का, आणि किती दिवस. यावरून काकू माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. 'कानपिळीला भाऊ नको का?' हा त्यांचा प्रश्न. कान पिळायला मी आहे, पण तिकडे घराचा हप्ता भरायला आणि पोरीला शाळेत सोडायला दुसरा दादा नाही. त्याचं अजून ठरलेलं नाही. ज्यांचा शिक्का चालू आहे त्यांनी मात्र उगाच घाबरू नये. त्यांना नवीन मुलाखत लागत नाही.

मुलांचं बघा. आई-बाबांकडे भारतीय पासपोर्ट असतो, पोरगं तिकडे जन्मलेलं म्हणून त्याचा पासपोर्ट तिकडचा. त्याला ओसीआय कार्ड किंवा भारताचा ई-व्हिसा लागतो, आणि हे विमानतळावर चेक-इनच्या वेळी लक्षात आलं तर काही करता येत नाही. ई-व्हिसा काढताना साइटचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' ने संपतो ना, बघून घ्या. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. ओसीआयवाल्या मुलाचा पासपोर्ट नवीन झाला असेल तर तो पोर्टलवर अपलोड करून ठेवा.

आता मुंबई ते नागाव. अलिबागला पॅसेंजर रेल्वे येत नाही, जवळचं स्टेशन पेण, तीसेक किलोमीटरवर. देशातल्या देशात विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावरचं विमानतळाचं नाव नीट वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. पेणकडे यायला तो जवळ, पण एकाच कुटुंबातले दोघं दोन विमानतळांवर उतरले तर गाडी कोणाला आणायला जाणार?

रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्ले खिंड, अलिबाग. दक्षिण मुंबईतून निघणार असाल तर शिवडीहून अटल सेतू घ्या. २१.८ किलोमीटरचा हा पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. मात्र बाइकला तिथे परवानगी नाही. आणि पुलावर वाचवलेला वेळ शनिवारी सकाळी वडखळला परत द्यावा लागतो, हे धरूनच निघा.

मला विचाराल तर पाण्याने या. गेटवेहून मांडव्याला लाँच साधारण तासाभरात येते, आणि तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसही मिळते. पण त्या लाँचमध्ये हलत्या फळीवरून चढायचं असतं. आजी-आजोबा किंवा चार मोठ्या बॅगा असतील तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. मार्च २०२० पासून ती मांडव्यापर्यंत चालते. गाडी थेट बोटीत जाते, त्यामुळे सामानाची हमाली नाही. रात्री उशिरा उतरणाऱ्या विमानाच्या भरवशावर मात्र बोट ठरवू नका. रात्रभर बोटी चालत नाहीत. मुंबईत मुक्काम करा, सकाळी या. आणि कोणी जून ते ऑगस्टमध्ये लग्न काढलंच, तर गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. रो-रो चालते, तीही हवा बघून.

आता माझा आवडता भाग. पाहुण्यांना बीचवर संध्याकाळ हवी असते, पण समुद्र तुमच्या पत्रिकेवर चालत नाही, तिथीवर चालतो. आपल्याकडच्या जुन्या माणसांचं गणित आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेपाचला समुद्र लांब गेलेला असतो आणि फोटोला वाळूच वाळू. कृष्ण पक्षात परत एकपासून मोजायचं. एका ओळीचा कोड आहे हा! अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे धरा, आणि मांडव घालणाऱ्यांनी छापील भरतीचं कोष्टकच बघावं.

कुलाबा किल्ल्याला हेच लागू. ओहोटीला चालत जाता येतं, पण पाणी परतायला लागलं की थांबू नका. आत अडकलात तर पुढच्या ओहोटीपर्यंत आतच, आणि मुहूर्त काही थांबणार नाही. अष्टमीच्या आसपास पाणी तसंही कमी ओसरतं, तेव्हा किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारूनच पाऊल टाका. काशीदला जाणाऱ्या पोरांनो, किनारा दिसायला छान आहे, पण तिथे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आम्ही दर वर्षी वाचतो. पिऊन पाण्यात उतरायचं नाही. हे मी लग्नाच्या ग्रुपवर पिन केलंय.

हळदीच्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. आमच्याकडे खरी गर्दी हळदीला, लग्नाला येतात ते नुसते अक्षता टाकायला. पण 'रात्रभर डीजे' या आशेवर येऊ नका. लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ कायद्याने बंदी आहे आणि रिसॉर्टवाले पोलिसांना घाबरतात. डीजे बंद झाला की पोपटी लावू. थंडी सरायच्या आत आलात तर वालाच्या शेंगा मिळतील. परदेशी पासपोर्टवाल्यांनी पासपोर्ट खोलीत उतरतानाच द्यावा, नोंद २४ तासांत करावी लागते. थोडी रोकड खिशात ठेवा, नारळपाणीवाल्याकडे तुमचं परदेशी कार्ड चालत नाही.

आणि लंडनच्या ताईसाठी खास: पांढऱ्या कांद्याची माळ बॅगेत भरायच्या आधी तिकडच्या कस्टमचे नियम वाच. आमसुलं ने. ती मी बांधून ठेवलीयत, दोन किलो.