घोड्यांच्या फार्ममधून निघाली पुण्याची लस इंडस्ट्री!

डोसच्या संख्येत जगातली सर्वात मोठी लस कंपनी पुण्यात आहे, हे तुम्ही ऐकलं असेल. पण पुण्यातच का?

तर त्यामागे आहेत घोडे. तेव्हा धनुर्वातावरचं सीरम घोड्याच्या रक्तापासून बनायचं. घोड्याला निष्प्रभ केलेलं विष थोडं थोडं टोचायचं, रक्तात प्रतिद्रव्यं तयार झाली की ती वेगळी काढायची. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे यासाठी मुंबईला, परळच्या हाफकिनमध्ये जायचे. घोडे आपले, मग सीरम दुसऱ्याने का बनवावं? १९६६ मध्ये सायरस पूनावालांनी हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. हाफकिनमधले तज्ज्ञही सोबत घेतले.

अर्थात नुसत्या घोड्यांवर इंडस्ट्री उभी राहत नाही. एनसीएल १९५० पासून आणि आजची एनआयव्ही १९५२ पासून पुण्यात आहे. कोव्हॅक्सिन बनली हैदराबादला, पण त्यासाठीचा विषाणू वेगळा केला एनआयव्हीने. २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळालेली देशातली पहिली एमआरएनए लसही पुण्याचीच, जेनोव्हाची.

दुखणं मात्र वेगळंच आहे. एप्रिल २०२१, देशात दुसरी लाट. तेव्हा अदर पूनावालांना थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना टॅग करून ट्विट करावं लागलं: कच्च्या मालाची निर्यात खुली करा. अडलं होतं ते फिल्टर आणि प्लॅस्टिकच्या खास पिशव्यांसारख्या वस्तूंवाचून, ज्यांच्याशिवाय कारखान्यात लस तयार होत नाही.